राहूचं डोकं आणि 'बिघडलेली' पोरं

आमच्या गावाच्या नावातच एक कापलेलं डोकं आहे. गाव राहुरी, जिल्हा नगर (२०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर, पण आमच्या आजीच्या पिढीला हे सांगायला कोण जाणार!). बाहेरच्या माणसाला राहुरी म्हटलं की मुळा धरण, कृषी विद्यापीठ, ऊस आणि शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या एवढंच आठवतं. आमच्याकडे सांगतात ती गोष्ट मात्र अशी. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत वाटायला विष्णूने मोहिनीचं रूप घेतलं आणि ही पंगत बसली शेजारच्या नेवाशाला. राहू वेष पालटून गुपचूप देवांच्या ओळीत बसला. सूर्य-चंद्राने चहाडी केली, सुदर्शन चक्र सुटलं आणि राहूचं डोकं उडून पडलं ते राहुरीला. काया जिथे पडली ते कायगाव. नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ आजही आहे.

आता इंजिनियरच्या नजरेने बघा. गुन्हा करणारा पुरुष. त्याला पकडणारी बाई, म्हणजे बाईच्या रूपातला पुरुष. चोरी हाताने केली, गिळली घशाने, पण हिशोब चुकता झाला तो डोक्याशी. कुणी वाईट वागलं की त्याचं डोकं तपासायचं, ही माणसाची खोड पुराणाइतकी जुनी आहे.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या काही शनिवार-रविवारी मी वाचत बसलेला एक विषय. 'वर्तनविकार' असलेल्या मुलामुलींचे मेंदू वेगळे असतात का, आणि मुलग्यांचा वेगळेपणा नि मुलींचा वेगळेपणा एकच असतो का? वर्तनविकार म्हणजे नुसता खोडकरपणा नव्हे. सतत मारामाऱ्या, चोऱ्या, खोटं बोलणं, घरातून पळून जाणं, प्राण्यांना छळणं, असा पॅटर्नच बनला तर मानसोपचारवाले हे लेबल लावतात. प्रश्न वरवर पाहता युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमधला वाटतो. पण त्याच्या मागे मागे जात गेलो तर रस्ता सोलापूर, येरवडा, माहीम, डोंगरी असा आपल्याच अंगणातून निघाला. तो रस्ता आज दाखवतो. मंडळी, चहा घेऊन बसा, लेख जरा लांब आहे.

एकाच काळातल्या दोन गोष्टी

इटलीत चेझारे लोंब्रोझो नावाचा एक डॉक्टर होता. १८७० च्या सुमारास व्हिलेल्ला नावाच्या एका चोराची कवटी त्याच्या हाती आली. तिच्या मागच्या बाजूला त्याला एक खळगा दिसला. तसा खळगा खालच्या प्राण्यांत असतो, असं त्याचं म्हणणं. बस्स, तेवढ्यावरून त्याने सिद्धांत मांडला की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात, उत्क्रांतीत मागे राहिलेली. १८७६ साली त्याचं 'गुन्हेगार माणूस' हे पुस्तक आलं आणि युरोपभर गाजलं.

त्याच सुमाराला, १८७१ साली, इंग्रजांनी हिंदुस्थानात 'गुन्हेगार जमाती कायदा' आणला. दोघांचा एकमेकांशी थेट संबंध होता असं मी म्हणत नाही. पण काळाची हवा एकच होती. लोंब्रोझो म्हणाला गुन्हा कवटीत असतो, कायदा म्हणाला तो जातीत असतो. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर! दोन्हीकडे निष्कर्ष तोच की पोर जन्मलं तेव्हाच निकाल लागलाय.

पहिला कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि पारधी, कैकाडी, भामटे, मांग-गारुडी अशा कितीतरी लोकांची नावं रजिस्टरात चढली. काटेरी तारांच्या 'सेटलमेंटा' उभ्या राहिल्या. सोलापूरची सगळ्यात प्रसिद्ध. तिथल्या माणसांना हजेरी द्यावी लागे आणि त्यांच्यातल्या पुष्कळांचे हात सोलापूरच्या कापड गिरण्यांना लागतच होते. आमचा नगर जिल्हा तर पारध्यांचा, भिल्लांचा. त्यामुळे हा इतिहास पुस्तकातला कमी आणि गावकुसाबाहेरचा जास्त.

आता यातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं कलम सांगतो. १८९७ च्या दुरुस्तीने सरकारला अधिकार मिळाला की या जमातींच्या ४ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवस्तीत ठेवता येईल. चार वर्षांचं पोर! आणि ही दुरुस्ती मुलग्यांपुरती होती. मुली त्यात नव्हत्याच.

'गुन्हेगार बालक' म्हणजे मुलगा, असं कायद्यानेच म्हटलंय

आणि हे काही एकाच कायद्यात नाही. त्याच वर्षी, १८९७ मध्ये, 'रिफॉर्मेटरी स्कूल्स' कायदा आला. त्यात बाल-गुन्हेगाराची व्याख्या आहे: शिक्षा झालेला, पंधरा वर्षांखालचा 'मुलगा'. व्याख्येतच मुलगा! येरवड्याची सुधारशाळा मुलग्यांची. माहीमची डेव्हिड ससून शाळाही मुलग्यांचीच. तिची सुरुवात १८५० च्या दशकात डॉ. बुइस्ट या संपादकाने काढलेल्या उद्योगशाळेतून झाली आणि १८५७ पासून ससून यांच्या देणगीने ती वाढली. १८६४ चा फटक्यांचा कायदा घ्या. अल्पवयीन मुलग्यांना तुरुंगाऐवजी फटके मारायची सोय होती, स्त्रियांना फटक्यांतून सूट.

सूट ऐकून बरं वाटतं ना? थांबा. मुली वाईट वागतच नव्हत्या असं थोडंच आहे. त्यांच्या वाईट वागण्याचा हिशोब वेगळ्या खात्यात मांडला जायचा, एवढंच. मुलगा बिघडला की तो 'गुन्हेगार', मुलगी बिघडली की ती 'पतित'. पहिल्यासाठी सुधारशाळा. दुसरीसाठी एकतर लग्न, नाहीतर घराची मागची खोली, नाहीतर नदी. पंडिता रमाबाईंना केडगावला मुक्तिसदनाशेजारी वेगळं 'कृपासदन' काढावं लागलं, कारण अशा मुलींना ठेवून घेणारी जागा दुसरी नव्हती.

आपली भाषाच बघा ना. मुलग्यासाठी शब्द आहेत खोडकर, वांड, उनाड, दांडगट, व्रात्य, टारगट. यातल्या निम्म्या शब्दांत तर कौतुकच लपलेलं आहे ("फार वांड आहे हो आमचा!"). मुलीसाठी आगाऊ, उठवळ, चवचाल, नखरेल, वाया गेलेली. पहिली यादी वागण्याबद्दल आहे, दुसरी चारित्र्याबद्दल. कुणी 'उनाड मुलगी' म्हटलं तरी ऐकणाऱ्याच्या मनात वेगळंच काहीतरी येतं. मग डॉक्टरकडे जाताना पालक कुठल्या तक्रारीसाठी कुणाला घेऊन जाणार, हे उघड आहे.

लोंब्रोझोनेही १८९३ मध्ये जावई फेरेरोबरोबर 'गुन्हेगार स्त्री' असं पुस्तक लिहिलं. (खरं तर फेरेरो तेव्हा व्हायचा जावई होता.) त्यात त्याची फार पंचाईत झालेली दिसते. त्याच्या मते स्त्री ही पुरुषापेक्षा उत्क्रांतीत मागे. मग तिने जास्त गुन्हे करायला हवेत! पण तुरुंगात तर बायका कमी. मग त्याने जुगाड केलं: वेश्याव्यवसाय म्हणजेच बायकांचा गुन्हा, तो मोजला की आकडे बसतात. डेटा मॉडेलला जुळेना म्हणून डेटाची व्याख्याच बदलायची. प्रोजेक्टमध्ये आपण हे कधी करत नाही, नाही का? :-)

बुलढाण्याची बाई आणि बर्लिनची विद्यार्थिनी

लोंब्रोझोच्या स्त्रियांवरच्या पुस्तकाच्या अकरा वर्षं आधी, म्हणजे १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. निमित्त झालं सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेचं. तिने आपल्या नवजात बाळाला मारलं म्हणून १८८१ मध्ये तिला फाशी सुनावली गेली, मग अपिलात शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांना आयता विषय मिळाला. एकूण बायकांची जातच कशी बिघडली आहे, यावर रकाने भरू लागले. ताराबाईंनी विचारलं ते थोडक्यात असं: जे जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते एकेक करून तपासू या, आणि पुरुषांत ते किती आहेत हेही त्याच काट्यावर तोलू या. दोन्ही पारड्यांना एकच माप लावा, एवढंच तिचं मागणं. शिवाय विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचं नाही, फसवणाऱ्या पुरुषाला कुणी विचारायचं नाही, आणि शेवटी फाशी तिला. म्हणजे डोक्यातला दोष शोधण्याआधी ते डोकं कुठल्या घरात राहतं ते बघा.

पुस्तकावर इतकी टीका झाली की त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. त्यांच्या बाजूने उघड उभे राहिले ते जोतीराव फुले. त्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून टीकाकारांना सुनावलं. (आमच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाला नाव आहे ते याच फुल्यांचं. शेतीबरोबर ही आठवण पण तिथल्या पोरांना कुणी सांगत असेल तर बरं.)

दुसरी बाई इरावती कर्वे. 'युगान्त'मुळे आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधीच्या इरावतीबाई म्हणजे कवट्या मोजणारी विद्यार्थिनी. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऑयगेन फिशरकडे डॉक्टरेटला गेल्या. फिशर म्हणजे वंशशास्त्रातलं बडं प्रस्थ. पुढे नाझींनी त्याचा पुरेपूर वापर केला. त्याचा अंदाज असा की गोऱ्या युरोपियनांची कवटी एका बाजूला जास्त फुगीर असते, कारण तिथला मेंदूचा पुढचा भाग मोठा, आणि म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ. हे सिद्ध करायचं काम आलं पुण्याच्या या विशीतल्या बाईकडे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या बारकाईने मोजल्या आणि लिहिलं की असा काही वंशाशी संबंध दिसत नाही. कवट्या वाकड्या असतात, पण सगळ्यांच्याच! गाइडने मनाविरुद्ध, कमी ग्रेड देऊन का होईना, १९३० मध्ये डॉक्टरेट दिली.

परक्या देशात, गाइडच्याच लाडक्या सिद्धांताविरुद्ध आकडे आले तर आपण काय केलं असतं? 'अजून थोडा डेटा बघू' म्हणून गुळमुळीत काहीतरी लिहिलं असतं. बाईंनी आकडे जसेच्या तसे ठेवले. परत आल्यावरही त्यांनी मोजमाप सोडलं नाही. महाराष्ट्रातल्या लोकांची मोजमापं त्यांनी वि. म. दांडेकरांबरोबर १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे मोजणं वाईट नाही. उत्तर आधी ठरवून मोजणं वाईट.

तिकडे इंग्लंडात चार्ल्स गोरिंगने तीन हजारांवर कैदी मोजून १९१३ मध्येच लोंब्रोझोचा 'जन्मजात गुन्हेगार' मोडीत काढला होता. आणि बायकांचा मेंदू हलका म्हणून त्यांनी शिकू नये, असं सांगणारा जर्मन प्राध्यापक बिशॉफ वारला तेव्हा त्याच्याच मेंदूचं वजन भरलं १२४५ ग्रॅम. त्याने बायकांची म्हणून जी सरासरी सांगितली होती, तिच्याही खाली. काव्यात्म न्याय म्हणतात तो हाच.

कवटीकडून मनाकडे

मुंबईत १९२४ चा बालकायदा आला आणि त्यात पहिल्यांदा मुलींनाही जागा मिळाली. नुसता गुन्हा नव्हे तर निराधार, धोक्यात असलेली मुलंही त्यात आली. १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली. डोंगरीत उमरखाडीचा जुना तुरुंग होता, त्याच आवारात मुलांचं निरीक्षणगृह भरू लागलं. पुढे १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्था (आजची 'टिस') सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिने मुलांसाठी मार्गदर्शन क्लिनिक काढलं. देशातलं पहिलं. आता प्रश्न बदलला: 'या पोराच्या रक्तात काय आहे?' ऐवजी 'या पोराच्या घरात काय चाललंय?'

गुन्हेगार जमाती कायदा मुंबई प्रांतात १९४९ मध्ये गेला, देशभर १९५२ मध्ये. शिक्का मात्र गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' आलं १९८७ मध्ये, म्हणजे कायदा जाऊन पस्तीस वर्षांनी, आणि ते वाचून लोकांना धक्का बसला तो 'हे अजून चालू आहे?' असाच. माझ्या शाळेतली गोष्ट. वर्गात काही हरवलं की सगळ्यात आधी दप्तर उलटं व्हायचं ते पालावरून येणाऱ्या एका मुलाचं. कुणी सांगायचीही गरज नसायची, तो स्वतःच उठून दप्तर पुढे करायचा. सातवीनंतर तो दिसला नाही. त्याच वर्गातली एक मुलगी मारामारीत कुणाला ऐकायची नाही. दोनदा शाळा बुडवून बाजारात सापडली आणि दहावीच्या आत तिचं लग्न झालं. त्याला 'चोर' ठरवायला पुराव्याची गरज पडली नाही आणि तिला 'प्रॉब्लेम' ठरवून मदत करायची कुणाला गरज वाटली नाही. दोघांची फाइल दोन वेगळ्या कारणांनी बंद.

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला तुरुंगांच्या नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले नियम रद्द केले. विमुक्त जमातींच्या लोकांना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही त्यात आल्या. याचिका होती मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांची. १८७१ ते २०२४. लीगसी कोड काढायला किती वेळ लागतो, ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आता मेंदू खरोखर दिसायला लागला

१९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या पुस्तकात 'वर्तनविकार' हे नाव अधिकृतपणे आलं. पुढच्या वीसेक वर्षांत एमआरआय यंत्रं आली आणि जिवंत पोराच्या मेंदूचा फोटो काढता येऊ लागला. संशोधकांनी वर्तनविकार असलेली मुलं स्कॅनरमध्ये घातली. 'मुलं' म्हणजे पुन्हा एकदा मुलगेच! कारण तेच जास्त सापडायचे. १८९७ च्या कायद्यातली व्याख्या नकळत प्रयोगशाळेतही चालू राहिली.

या अभ्यासांत दोन भाग सारखे पुढे येतात. एक अमिग्डाला. नाव ग्रीक, अर्थ बदाम, आकारही तसाच. भीती ओळखण्यात त्याचा मोठा वाटा. समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती पाहून आपला हात आपोआप आखडतो, त्यामागे हा बदाम आहे. निष्ठुर, कोडग्या स्वभावाच्या मुलग्यांत भेदरलेला चेहरा दाखवल्यावर तो कमी प्रतिसाद देतो, असं २००८-०९ च्या आसपासच्या अभ्यासांत दिसलं. दुसरा इन्सुला. दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या पोटात जाणवणं, त्यात याचा भाग असतो.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मुलींचं काय? केंब्रिजमध्ये २०१३ च्या सुमारास वीस-बावीस वर्तनविकारी मुलींचे मेंदू तपासले गेले. त्याच वर्षी युरोपात 'फेमनॅट-सीडी' हा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याचा मुख्य विषयच मुलींमधला वर्तनविकार, वय ९ ते १८. बाझेलच्या गटाने २०१७ मध्ये १८९ साध्यासुध्या (म्हणजे कुठलंही निदान नसलेल्या) मुलामुलींवर पाहिलं की निष्ठुर स्वभावाचा आणि इन्सुलाच्या पुढच्या भागाच्या आकाराचा संबंध मुलग्यांत आहे, मुलींत नाही. झालं, 'मुलगा-मुलगी मेंदू वेगळे' अशा बातम्या सुटल्या.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०२४ मध्ये 'एनिग्मा' नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने पंधरा अभ्यासांचे स्कॅन एकत्र केले. ७ ते २१ वयाची, वर्तनविकार असलेली ११८५ आणि नसलेली १२५३ मुलं. या विषयातला तोवरचा सगळ्यात मोठा ढीग. मेंदूच्या सालीचे ३४ भाग करून पाहिलं तर २६ भागांत वर्तनविकार असलेल्या गटाचं पृष्ठफळ सरासरीने कमी. अमिग्डालाही लहान. म्हणजे फरक आहे, आणि एखाद्या 'गुन्हेगारीच्या केंद्रा'त नाही तर मेंदूभर पसरलेला, पातळ. आणि मुलगा-मुलगी? या मोठ्या ढिगात विकाराचा ठसा दोघांत लक्षणीय वेगळा निघाला नाही. विकार नसलेल्या मुलांतला इन्सुलाचा शोध त्याने खोटा ठरत नाही, पण 'दोघांचे बिघाडच वेगळे' या घोषणेला पाया उरला नाही. मात्र या ढिगातसुद्धा वर्तनविकार असलेल्या मुली तीस टक्क्यांच्या आतच होत्या.

फरक कुठे दिसतो? बाहेर. अशा मुलींत नैराश्य, आघातानंतरचा ताण अशा गोष्टी मुलग्यांपेक्षा जास्त आढळतात. त्या मारामारीपेक्षा वाळीत टाकणं, बदनामी करणं अशी हत्यारं जास्त वापरतात, जी शाळेच्या शिक्षेच्या वहीत सहसा चढत नाहीत. मेंदू वयात येण्याच्या वेळेतही थोडं अंतर आहे. १९९९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात मेंदूच्या पुढच्या भागातला करडा द्रव्यांश मुलींत साधारण अकराव्या वर्षी शिखराला पोचला, मुलग्यांत बाराव्या. पुढची छाटणी आणि जुळणी विशीपर्यंत चालूच असते. पण 'हा पुरुषी मेंदू, हा बायकी' असं बघून सांगता येईल का? २०१५ मध्ये चौदाशेवर मेंदू पाहून डाफ्ना जोएल यांनी सांगितलं की बहुतेक मेंदू म्हणजे दोन्हीकडच्या तुकड्यांची गोधडी असते.

ताराबाईंच्या भाषेत, दोन्ही पारड्यांना एकच माप लावलं तर दोष सारखाच भरतो.

एक मेलेला मासा आणि पुण्याचं एक कोर्ट

आता आपल्या धंद्यातली गंमत. एमआरआयचं चित्र हा फोटो नसतो, ते सॉफ्टवेअरचं आउटपुट असतं. लाखभर ठिपक्यांवर प्रत्येकी एक चाचणी चालवायची आणि 'लक्षणीय' ठिपके रंगवायचे. इतक्या चाचण्यांत काही नुसत्या योगायोगाने पास होणारच. २००९ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी स्कॅनरमध्ये मेलेला सॅमन मासा ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि दुरुस्ती न करता गणित चालवलं. माशाच्या मेंदूत 'हालचाल' दिसली! २०१६ मध्ये स्वीडनच्या एक्लुंड यांनी नेहमीच्या पॅकेजांची तपासणी केली तेव्हा काही पद्धतींत खोटे निकाल पाच टक्क्यांऐवजी सत्तरपर्यंत जात होते. एका पॅकेजातला बग पंधरा वर्षं पडून होता. त्यामुळे वीस-बावीस पोरांच्या अभ्यासावरून छापलेली बातमी वाचताना मासा आठवावा.

याची किंमत कागदापुरती राहत नाही. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुण एमबीए विद्यार्थिनीला खुनाबद्दल जन्मठेप दिली. पुराव्यांमध्ये मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत केलेली मेंदू-चाचणी होती. डोक्याला इलेक्ट्रोड लावून वाक्यं ऐकवायची, आणि मेंदूच्या लहरींवरून ठरवायचं की ही गोष्ट तिने 'अनुभवली' आहे की नुसती ऐकली आहे. जगभर बातम्या झाल्या. परदेशी मेंदूतज्ज्ञांनी डोक्याला हात लावला, कारण पद्धतीची स्वतंत्र पडताळणीच झालेली नव्हती. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. आणि ५ मे २०१० ला सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाच्या संमतीशिवाय अशा चाचण्या करता येणार नाहीत. लोंब्रोझोच्या कवटीतला खळगा आणि पुण्यातला तो आलेख यांत फरक यंत्राचा होता, घाईचा नव्हता.

सोळा की अठरा?

१९८६ च्या बालन्याय कायद्यात पुन्हा गंमत होती. 'बाल' म्हणजे मुलगा १६ पर्यंत, मुलगी १८ पर्यंत. तेव्हा कुणी एमआरआय बघितला नव्हता. समजूत साधी होती: मुलगा लवकर जबाबदार होतो, मुलीला जास्त सांभाळावं लागतं. (मेंदूचं वेळापत्रक, थोडंफार का होईना, उलटं आहे!) २००० च्या कायद्याने दोघांना १८ केलं. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर २०१५ चा कायदा आला आणि १६ ते १८ मधल्या मुलाने घोर गुन्हा केला तर त्याची मानसिक-शारीरिक कुवत बघून त्याला प्रौढ म्हणून चालवायचं का, हे ठरवायची सोय झाली.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या गाडीखाली दोन तरुण इंजिनियर गेले. आपल्यातलेच. बालन्याय मंडळाने सुरुवातीला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला तेव्हा आपण सगळेच पेटलो होतो, मीही. जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्याला प्रौढ म्हणून चालवायची पोलिसांची मागणी फेटाळली, तेव्हा पुन्हा तोच संताप झाला.

पण त्याच पुण्यातली दुसरी नोंद शेजारी ठेवतो. १९९४ मध्ये एका घरातल्या सात जणांची हत्या झाली. एका आरोपीला फाशी सुनावली गेली. २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रं तपासून मान्य केलं की घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, आणि त्याला सोडलं. तोवर अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती. गुन्हा भयंकर होता, यात शंकाच नाही. पण कायद्याने ज्याला फाशी देताच येत नाही अशा मुलाला आपण फाशीच्या रांगेत उभं केलं होतं, आणि त्याला सोडवायला मेंदूचा स्कॅन लागला नाही. लागला तो शाळेचा दाखला.

म्हणून एवढं सगळं वाचून माझ्या हाती काय लागलं, ते सरळ सांगतो. मेंदूत फरक असतो, तो खरा आहे आणि त्याचा अभ्यास व्हायलाच हवा. मुलींवर तर जास्तच. पण तो गटाच्या सरासरीतला फरक आहे. समोर बसलेल्या एका पोराचा स्कॅन बघून 'हा बिघडणार' किंवा 'ही सुधारणार नाही' असं आज कुणालाही सांगता येत नाही. जो सांगतो त्याच्यापासून जपा, मग त्याच्या हातात कवटी असो, जातीचं रजिस्टर असो नाहीतर रंगीत चित्र. आणि मेंदूत फरक दिसला म्हणजे तो जन्मजातच, असंही नाही. मार खाणं, उपाशी राहणं, सतत धास्तीत वाढणं यांचाही मेंदूवर परिणाम होतो. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे एका स्कॅनमधून कळत नाही.

मदतीची वाट मात्र बऱ्यापैकी माहितीची आहे. आईबापांना मुलाशी वागायचं शिकवणं, शाळेतून गळती थांबवणं, आघात झालेल्या मुलीला आधी आधार देणं. यातलं काहीच चमकदार नाही. त्याच्या बातम्या होत नाहीत, आणि त्याला यंत्रही लागत नाही.

राहूचं डोकं उडवून प्रश्न सुटला नाही, हेही आमच्या गोष्टीतच आहे. अमृत घशाखाली गेलेलं असल्याने ते डोकं मेलंच नाही आणि तेव्हापासून चंद्र-सूर्याला ग्रासत फिरतंय. ग्रहण कसं लागतं ते आपण शोधून काढलंच. या पोरांचंही निघेल. तोवर कुणाचं दप्तर सगळ्यात आधी उलटं होतंय आणि कुठली मुलगी शाळेतून गुपचूप गायब होतेय, एवढ्यावर लक्ष ठेवलं तरी पुष्कळ.

असो. लेख लांबला. तूर्तास इतकंच.